कागदपत्रांवरून तसे दिसत नाही

माझा आवाज यंत्रातून बाहेर आला तेव्हा मला तो आधी ओळखूच आला नाही. कुणीतरी बाई कुणावर तरी वैतागली होती. "कामात आहे मी, ठेवा आता," असं म्हणत होती, आणि त्या ‘ठेवा’मध्ये इतका कोरडेपणा होता की मला समोरच्या माणसाची दया आली. समोरचा माणूस "बरं" म्हणाला, किंचित थांबला, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज झाला. ते माझे बाबा होते. बाई अर्थात मी. कंपनीचा इंजिनिअर टेबलाच्या पलीकडे हसतमुखानं उभा होता. मी यंत्रापुढे हवामानाच्या बातमीतल्या दहा ओळी वाचल्या होत्या, आणि तेवढ्या भांडवलावर यंत्रानं आमच्या कचेरीच्या महिनाभराच्या नोंदवलेल्या फोनांतून मला अकरा वेळा शोधून काढलं होतं. आमच्याकडे प्रत्येक फोन नोंदवला जातो. सुरुवातीला एक गोड आवाज तसं सांगतोही, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. "आता गंमत बघा मॅडम," इंजिनिअर म्हणाला. पडद्यावर अकरा हिरव्या ओळींच्या खाली एक पिवळी ओळ आली. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘जवळचे नाते, शक्यता मोठी’. त्या फोनवर मी नव्हतेच. बाबा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारत होते, "ती जागेवर आहे का? नाही? मग काही नाही. सहज केला होता." इंजिनिअरनं माझ्याकडे पाहिलं. "वडील ना? ओळखलं बघा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखर आनंदानं फुलला होता. सज्जन माणूस होता. मला त्याचा राग येईना, आणि तेच बरं वाटेना.

मी परवाना कचेरीत काम करते. देशाबाहेर जाणाऱ्या मालाला आम्ही परवाने देतो. माझ्याकडे येतो तो माल जरा बोचरा असतो, म्हणजे ज्यानं माणसाला दुखापत करता येईल, कोंडता येईल, नाहीतर चोरून ऐकता-बघता येईल असा. म्हणून माझ्या टेबलाला कचेरीत ‘निवडुंग’ म्हणतात. मी तिथे सतरा वर्षं आहे, त्यामुळे हल्ली मलाही निवडुंगच म्हणत असावेत, पण ते माझ्या पाठीमागे. अर्जाच्या शेवटच्या पानावर बारावा प्रश्न असतो: ‘या मालाचा वापर माणसांच्या छळासाठी होण्याची स्पष्ट शक्यता आहे का?’ त्याखाली चार ओळींची मोकळी जागा. या जागेत मी सतरा वर्षं एकच वाक्य लिहीत आले आहे: ‘नाही. कागदपत्रांवरून तसे दिसत नाही.’ ते हाताच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की नवीन पेन घ्यायला दुकानात गेले आणि चालतंय का बघायला कागद पुढे आला, तर मी तेच लिहिते. ‘हो’ म्हणून मी फक्त दोनदा लिहिलं आहे, आणि दोन्ही वेळा माल असा होता की शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्या दोन ‘हो’चा मला बरीच वर्षं अभिमान होता. खरं म्हणजे अभिमान नव्हे, ती सोय होती. मनाला कधी टोचणी लागलीच तर ते दोन कागद काढून दाखवायची मी स्वतःला.

पण आमच्याकडचा खरा कारभार लिहिण्यानं होत नाही, न लिहिण्यानं होतो. अर्ज आल्यापासून कामाचे पंधरा दिवस मोजतात. पंधराव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर परवाना दिला असं धरतात. त्यावर कुणाची सही लागत नाही. परवाना कोपऱ्यातल्या छपाईच्या यंत्रातून, आमच्या भाषेत ‘छापखान्या’तून, आपोआप बाहेर पडतो आणि खाली फक्त शिक्का असतो. मधल्या काळात आम्हाला कंपनीला एक प्रश्न विचारता येतो, एकच, आणि उत्तर येईपर्यंत दिवस मोजायचे थांबतात. हा नियम ज्यानं केला त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असणार. आम्ही त्याचा उपयोग असा केला की टेबलावर कामाचा डोंगर झाला, किंवा एखाद्या फाईलीचा विचार करायला नको वाटलं, की तिला एक निरुपद्रवी प्रश्न विचारून टाकायचा. खोक्याची उंची किती. माहितीपत्रकाचं तिसरं पान पुसट आहे, पुन्हा पाठवावं. याला आम्ही ‘फाईल चहाला पाठवणं’ म्हणतो. फाईल आठ-दहा दिवसांनी परत येते, तोवर आपणही चहा पिऊन घेतो. ही आवाज ओळखणाऱ्या यंत्राची फाईल मी अशीच चहाला पाठवली होती. मी विचारलं होतं, ‘बॅटरीचे वजन किती?’ उत्तर आलं, दोनशे ग्रॅम. कंपनीला मात्र मी फार बारकाईनं बघते आहे असं वाटलं, आणि त्यांनी आपण होऊन इंजिनिअरला यंत्र घेऊन पाठवलं. तो आला तो चौदावा दिवस होता.

इंजिनिअर यंत्र गुंडाळत असताना मी त्याला विचारलं, "ही नात्याची ओळ कशासाठी?" "हरवलेली माणसं शोधायला, मॅडम," तो म्हणाला. "समजा एखादं पोर हरवलं, नाव सांगता येत नाही. आवाजावरून आई सापडते." वायरची गुंडाळी करताना तो अंगठ्यावर एक एक वेढा नीट बसवत होता. "माझीच कल्पना आहे ती. माझी मावशी गर्दीत हरवली होती लहानपणी, दोन दिवस सापडली नव्हती. आईच्या तोंडून ती गोष्ट इतकी ऐकलीय ना." मी मान डोलावली. अर्जावरही तसंच लिहिलं होतं. ‘वापराचा हेतू: हरवलेल्या व्यक्तींचा शोध.’ त्याखाली माल मागवणाऱ्या देशाच्या सरकारचा गोल शिक्का होता आणि त्याखाली यंत्रांची संख्या, तीनशे चाळीस. मी टेबलाशी येऊन फाईल पुन्हा वाचायला घेतली, कारण बाबांचं ते ‘सहज केला होता’ कानातून जात नव्हतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं. सातव्या पानावर माल कुठे पोचवायचा तो पत्ता होता. तो पत्ता मी पहिल्या दिवशीही वाचला होता, म्हणजे डोळे त्यावरून फिरवले होते. ‘मध्यवर्ती वखार, तुरुंग विभाग.’ मी ते बोट ठेवून वाचलं. हरवलेली माणसं शोधायला तुरुंग विभागाला तीनशे चाळीस यंत्रं कशाला लागतात, हा एकच प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारायचा हक्क मी बॅटरीच्या वजनावर खर्च करून बसले होते. स्वतःच्या गाढवपणाचं हसू येतं तसं मला हसू आलं, मग ते गेलं.

आमचे मोठे साहेब शांत आणि सभ्य आहेत. कुणाच्याही टिपणीत ते फक्त स्वल्पविराम घालतात, बाकी काही बदलत नाहीत, म्हणून त्यांचं नावच आम्ही ‘स्वल्पविराम’ ठेवलं आहे. मी फाईल घेऊन त्यांच्याकडे गेले आणि पत्ता दाखवला. म्हटलं, "साहेब, तुरुंगात माणसं हरवत नाहीत." त्यांनी चष्मा वर केला. "हरवतातही, बाई," ते म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. मग म्हणाले, "वखार त्यांची असेल, जागा मोठी असेल. माल ठेवतील तिथे, मग वाटतील. पत्त्यावरून काय सिद्ध होतं? प्रश्नात ‘स्पष्ट’ शब्द आहे. तुम्ही ‘हो’ लिहिलंत तर मला तरी सही करून ते फिरवावं लागेल, नाहीतर समितीपुढे ठेवावं लागेल. तिथे तिघांच्या सह्या. कंपनीत साठ माणसं काम करतात. तो इंजिनिअर भला वाटला मला." मी म्हटलं, "भलाच आहे." "मग?" ते म्हणाले. आणि मग, अगदी मायेनं, "उद्या पाच वाजता आपोआप होऊन जाईल ते. तुम्हाला ‘नाही’सुद्धा लिहायची गरज नाही. तुम्ही कशाला वाईटपणा घेताय?" मी फाईल उचलली. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या कचेरीत कुणालाच वाईटपणा घ्यावा लागू नये अशी सगळी व्यवस्था होती.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ऐकू यायचं यंत्र घातलं तरी त्यांना निम्मंच ऐकू येतं. यंत्राचे सेल ते दिवसा काढून ठेवतात, वाचवायला म्हणून, आणि मग कुठे ठेवले ते विसरतात. त्यासाठीच ते मला कचेरीत फोन करतात. फोनचं त्यांना वेड आहे, ते जुनं आहे. बाबा टेलिफोन केंद्रात बोर्डावर होते, नंबर सांगितला की हातानं जोडून द्यायचा त्या काळात. मी शाळेतून परस्पर तिकडे जायची आणि त्यांच्या स्टुलाशेजारी बसून अभ्यास करायची. समोर भोकांची मोठी फळी, प्रत्येक भोकाखाली नंबर, आणि बाबांच्या हातात टोकाला पितळ लावलेल्या दोऱ्या. दोरी या भोकात खोचायची, दुसरं टोक त्या भोकात, की दोन घरं एकमेकांशी बोलायला लागायची. गावातला प्रत्येक आवाज बाबांना पाठ होता. ‘हॅलो’ ऐकलं की ते "नमस्कार डॉक्टर" म्हणायचे, नाहीतर "काय, पोहोचली का मुलगी?" लोकांना त्याचं फार कौतुक होतं. आई म्हणायची, यांना माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत, भाजीवाल्यानं आधी तोंड उघडावं लागतं. मला वाटायचं माझे बाबा जादूगार आहेत. त्या वयात बाप जादूगार असला की पुरतं.

आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आमच्याच गल्लीत राहायच्या. फळ्यावर कुठल्याही देशाची सीमा त्या खडू न उचलता काढायच्या आणि शेवटी खडू निघाला तिथेच बरोबर येऊन टेकला की वळून बघायच्या. मी सातवीत असताना एके दिवशी त्या आल्या नाहीत. आठवड्यानं दुसऱ्या बाई आल्या, त्यांना नकाशे पुस्तकात बघून काढावे लागायचे. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची तेवढ्यावरून मला कळलं ते असं: बाईंचा धाकटा भाऊ कुठल्याशा चळवळीत होता, तो पळाला होता, आणि टेलिफोन केंद्राच्या मागच्या खोलीत दोन माणसं येऊन बसली होती. बाईंच्या नंबराची एक जादा दोरी त्या खोलीत नेली होती. तो भाऊ सापडला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. बाई तीन वर्षांनी सुटून परत आल्या, बारीक झालेल्या, आणि रस्त्यात बाबा दिसले तर त्या आपण होऊन नमस्कार करायच्या. बाबा रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. मी कॉलेजात असताना एकदा तावातावानं त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "मी फक्त दोरी खोचायचो." मी तेवढ्यावर सोडलं होतं. पुढे मीही नोकरीला लागले, आणि मला त्या वाक्यात फारसं काही चुकीचं दिसेनासं झालं.

जेवताना मी बाबांना यंत्राची गोष्ट सांगितली. सेल सापडले होते, तरी मोठ्यानं सांगावी लागली. अर्ध्या गोष्टीत मला वाटलं त्यांना काही कळत नाहीये, कारण ते पाण्याच्या भांड्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तुमचा आवाज ओळखला हो त्यानं. माझ्या आवाजावरून तुमचा." त्यांनी मान वर केली. "नात्यावरून?" "हो." "मला यायचं ते," बाबा म्हणाले. मी त्यांचं ताट उचलायला गेले तर त्यांनी ते धरून ठेवलं. "दोनशे सतरा," ते म्हणाले. मी विचारलं, "काय दोनशे सतरा?" "त्यांचा नंबर. भूगोलवाल्या बाईंचा." सकाळी चहा घेतला की नाही ते बाबांना आठवत नाही. "फोन आला होता बाहेरगावाहून. त्यानं नाव सांगितलं नाही, ‘मी बोलतोय’ एवढंच. त्या म्हणाल्या, जेवलास का? तो म्हणाला, हो. संपलं. मागच्या खोलीतल्या माणसांना काही कळलं नाही. ते बाहेर आले, मला म्हणाले, कोण असेल हो हा? सहज विचारलं. दमदाटी नाही, काही नाही." बाबांनी ताट सोडलं आणि पुन्हा धरलं. "मी म्हटलं, भाऊ असणार. आवाज तसाच आहे, शब्दाच्या शेवटी चढतो, बहिणीसारखा. आणि लाईन कुठल्या गावाची ते मला माहीतच होतं." मी भाजीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "ओळखला म्हणून मला आनंद झाला गं," बाबा म्हणाले. "खरं सांगतो, त्या वेळी नुसता आनंद झाला. नंतर कळलं." मला इंजिनिअरचा फुललेला चेहरा आठवला. मला बाबांचा राग आला, फार राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्या मनगटावरची ती सैल पडलेली कातडी बघून त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. ताट उचललं आणि घासायला गेले.

पंधराव्या दिवशी मी वेळेवर कचेरीत पोचले, आणि दिवसभर इतर फाईली केल्या. त्या चांगल्याच झाल्या. मन गढूळ असलं की हात नीटनेटका चालतो असा माझा अनुभव आहे. दुपारी इंजिनिअरचा फोन आला, परवाना संध्याकाळी मिळेल ना, माल बांधून तयार आहे. मी विचारलं, "तुमची यंत्रं तिकडे कोण वापरणार, तुम्हाला माहीत आहे?" "नाही हो," तो म्हणाला, "ते विक्रीवाले बघतात. मी फक्त आवाजाचं बघतो." मी म्हटलं, "सातव्या पानावर पत्ता आहे, वाचा एकदा." कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो "वाचला" म्हणाला, पण जेवण राहून गेलेल्या माणसासारखा. मी फोन ठेवला. माझ्या टेबलावरून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं. सतरा वर्षांत मी त्याच्याकडे पाच वाजले की घरी जायचं म्हणूनच बघत आले होते. मला भीती वाटत होती. कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं, उगाच मोठेपणा सांगत नाही. भीती वेगळीच होती. हे एक वाक्य आज लिहिलं तर याआधीची सगळी ‘नाही’ उठून बसतील, आणि प्रत्येक फाईल आपलं सातवं पान दाखवायला येईल. किती फाईली मी चहाला पाठवल्या होत्या ते मलाही सांगता आलं नसतं. त्या दोन ‘हो’वर आता भागणार नव्हतं.

साडेचारला मी शेवटचं पान उघडलं. हात सवयीनं ‘न’ काढायला गेला, त्याला मी अडवलं. ‘हो,’ असं लिहिलं, आणि पुढे, ‘हेतू हरवलेल्या व्यक्ती शोधण्याचा सांगितला आहे. माल तुरुंग विभागाकडे जात आहे. हे यंत्र एका माणसाच्या आवाजावरून त्याचे नातेवाईक शोधते, हे मी स्वतः पाहिले आहे. कागदपत्रांवरून तसे दिसते.’ हरकत असेल तर खाली पूर्ण नाव लिहावं लागतं. नुसती सही चालत नाही, शिक्का चालत नाही. मी पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, मध्ये बाबांचं, आणि आडनाव. बाबांचं नाव लिहिताना हात जरा थांबला, पण त्यांना वगळून माझं नाव पूर्ण होत नव्हतं. साहेबांच्या टेबलावर फाईल ठेवली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली. "‘जात आहे’च्या पुढे स्वल्पविराम हवा," ते म्हणाले. मी म्हटलं, "पूर्णविरामच राहू दे, साहेब." ते खुर्चीत बसले. "फिरवायचं तर मला सही करावी लागेल." "हो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पान सात उघडलं, पत्ता वाचला, पुन्हा वाचला. बोट ठेवून वाचत होते. मग टोपण लावलं. "समितीला जाऊ दे," ते म्हणाले, "तिघं काय ते बघतील." तिथे काय होईल ते मला माहीत नाही. तिघं परवाना देतीलही. पण आता तो द्यायला तीन माणसांना तीन नावं लिहावी लागणार होती, आणि छापखाना त्या संध्याकाळी गप्प राहिला.

मी टेबलाशी आले तर फोन वाजत होता. उचलला. आधी तो गोड आवाज आला, की आपलं बोलणं नोंदवलं जात आहे. मग खरखर, मग बाबा. "हॅलो, कोण बोलतंय?" मी म्हटलं, "मीच." "मीच कोण?" "अहो बाबा, मी." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. सेल काढून ठेवलेले असणार. "नाही ओळखला आवाज," बाबा म्हणाले. गावातला प्रत्येक आवाज पाठ असलेला माणूस. एरवी मी ‘कामात आहे, ठेवा आता’ म्हटलं असतं. मी खुर्ची ओढून नीट बसले. "नका ओळखू, बाबा," मी म्हटलं. "मीच सांगते कोण ते." आणि मी त्यांना माझं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, मोठ्यानं, मध्ये त्यांचं घालून.